दावीद म्हणजे भाकीत नव्हे

‘इस्राएलच्या दावीद राजाने हजार वर्षं आधीच येशूचं भाकीत करून ठेवलं होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली की शेवट मीच पुरा करतो. वाक्याला हरकत नाही. हरकत आहे ती पाठोपाठ येणाऱ्या पुराव्याला. पुरावा काय, तर मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद किद्रोन ओहोळ ओलांडून रडत रडत जैतुनाचा डोंगर चढला, आणि अटकेच्या रात्री येशूही किद्रोनपलीकडे गेला. अहो, यात भाकीत कुठे आलं? दावीद बिचारा जीव मुठीत धरून पोटच्या पोरापासून पळत होता. येणाऱ्या कुणाविषयी तो तिथे अवाक्षर बोललेला नाही.

ही पूर्वछाया आहे. कुणी प्रतिरूप म्हणतं, कुणी नमुना. शब्दावरून भांडायचं कारण नाही.

भाकीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीखा संदेष्टा बेथलेहेमचं नाव घेऊन सांगतो की इस्राएलचा अधिपती इथून निघेल, आणि हेरोद राजाने विचारल्यावर याजक नि शास्त्री नेमकं तेच वचन काढून दाखवतात. बोल आधी, घटना मागाहून. पूर्वछायेत असा बोल नसतोच. एखादा माणूस, प्रसंग किंवा अख्खं राजपद पुढच्या गोष्टीचा आकार आधीच घेऊन उभं असतं, आणि तो आकार दिसतो फक्त मागे वळून पाहणाऱ्याला. दावीदाचा सल्लागार अहीथोफेल फितूर झाला आणि आपला सल्ला डावलला गेल्यावर त्याने घरी जाऊन गळफास घेतला. येशूला धरून देऊन गळफास घेणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याची गोष्ट माहीत असलेला वाचक इथे चमकतो. पण शमुवेलाच्या पुस्तकात हा एका दरबारी कारस्थानाचा शेवट आहे, आणि तसा तो पूर्ण आहे.

एवढं बहुतेकांना पटतं. घोटाळा होतो तो जिथे बोलही आहे आणि राजाही आहे तिथे.

२ शमुवेल, सातवा अध्याय. नाथान संदेष्टा दावीदाला देवाचा निरोप सांगतो: तुझ्यामागून तुझ्या वंशजाला मी उभा करीन, तो माझ्या नावासाठी मंदिर बांधील, मी त्याचा पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र पहिल्याच अध्यायात हे पितापुत्राचं वाक्य येशूला लावतं. अभ्यासवर्गांत नेमकं इथेच पुस्तक मिटतात. मिटू नका. ते वाक्य चौदाव्या वचनाचा पूर्वार्ध आहे, आणि उत्तरार्ध म्हणतो की त्याने अधर्म केला तर मी त्याला माणसांच्या काठीने शिक्षा करीन.

आता हे सरळ भाकीत धरलं तर निष्पाप मानलेल्या येशूच्या नावे काठीचा मार आगाऊ लिहून ठेवला, असं होतं. म्हणून मग तोडगा निघतो: अर्धं वचन येशूचं, अर्धं दावीदाच्या मुलाचं, शलमोनाचं. हा तोडगा मला अजिबात सहन होत नाही. एकाच दमात म्हटलेल्या वचनाच्या मधोमध सुरी कोणत्या अधिकाराने फिरवायची? वचन सबंध शलमोनाचं आणि त्याच्या गादीचं आहे. मंदिर त्याने बांधलं, अधर्म त्याने केला, काठी त्याच्या घराण्याने खाल्ली. यरुशलेमच्या गादीवर बसणारा देवाचा पुत्र म्हणवला जातो, हा त्यातला आकार. इब्रींचा लेखक तो आकार उचलतो आणि म्हणतो, हा खऱ्या अर्थाने भरला तो येशूमध्ये.

त्याने हे हवेतून काढलं असंही नाही. १ इतिहासाच्या सतराव्या अध्यायात नाथानाचा हाच निरोप पुन्हा येतो, पण काठीचं वाक्य गायब आहे. ते पुस्तक लिहिलं गेलं बाबेलच्या बंदिवासानंतर, जेव्हा गादीवर राजाच उरला नव्हता. मृत समुद्राकाठी कुम्रानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या एका यहुदी गुंडाळीतही हेच वचन ‘पुत्र होईल’पाशी थांबवून दावीदाच्या येणाऱ्या अंकुराला, म्हणजे वंशजाला, लावलेलं आहे. म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या आधीच यहुदी वाचकांनी या जुन्या राजवचनातून पुढे पाहायला सुरुवात केली होती. येणारा तो नाझरेथचा येशूच, हे मात्र ख्रिस्ती म्हणणं आहे. यहुदी परंपरेला ते मान्य नाही, आणि ते मान्य न करता शमुवेलाचं पुस्तक उत्तम समजतं.

दावीदाच्या नावावरचं ४१ वं स्तोत्रही असंच. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्यातलं नववं वचन स्वतःला लावतो: माझी भाकर खाणाऱ्यानेच माझ्यावर लाथ उगारली. त्याच स्तोत्राचं चौथं वचन? ‘मी तुझ्याविरुद्ध पाप केलं आहे, मला बरं कर.’ बोलणारा आजारी, पापी, मित्रांनी टाकलेला माणूस आहे. तो आधी तसा असू द्या. मगच त्याची छाया पडेल.

सबब पूर्वछायेला राजाचे दोष अडचणीचे नसतात. त्यांचीच तिला गरज असते. ‘शलमोनापेक्षा थोर असा कोणी येथे आहे’ असं येशू म्हणतो, त्यातला ‘पेक्षा’ महत्त्वाचा. सातशे बायका करून म्हातारपणी परक्या देवांसाठी उंचस्थानं बांधणारा शलमोन कमी पडतो, म्हणूनच पुढे पाहावं लागतं. दावीदाला धुऊनपुसून जवळजवळ येशू करून मांडणारे हे सगळं घालवून बसतात.

बाकीच्या गल्लती किरकोळ. पूर्वछाया म्हणजे अवतार नव्हे. दावीद हा आधीच्या जन्मातला येशू, असं कुणी ख्रिस्ती मानत नाही. आणि ती रूपकही नव्हे, कारण रूपकात इतिहास गळून पडला तरी चालतं. ऑगस्टीनसारखा मोठा ख्रिस्ती आचार्यही इथे वाहवला. गल्याथाशी लढताना दावीदाने उचललेले पाच गोटे म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, हे एक वेळ गोड मानून घेऊ. पण बथशेबा म्हणजे ख्रिस्तमंडळी, दावीद म्हणजे ख्रिस्त आणि उरीया म्हणजे सैतान? दावीदाच्या पापाचा धिक्कार करा हे तो स्वतःच सांगतो, तरी ज्याची बायको राजाने नेली आणि ज्याला लढाईच्या तोंडी देऊन मारलं, त्या इमानदार शिपायाला सैतान ठरवणारं वाचन मला नको. त्यापेक्षा व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठातलं ११८१ सालचं मीनाकाम पाहावं. वरखाली तीन रांगा. मधल्या रांगेत बाळ येशूला भेटी देणारे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आणि त्याच उभ्या ओळीत शलमोनाला भेटी आणणारी शबाची राणी. राणी राणीच राहते, शलमोन शलमोनच.

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानेही हाच वाद घातला. ७२ वं स्तोत्र शलमोनाचं आहे हे यहुदी म्हणणं तो खोडून काढतो: सगळे राजे काही शलमोनाला नमले नाहीत, उलट एका बाईपायी तोच मूर्तींपुढे वाकला. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण स्तोत्राच्या माथ्यावर शलमोनाचं नाव आहे, आणि आत एका नव्या राजासाठी केलेली प्रार्थना आहे: गरिबांना न्याय मिळो, शबाचे राजे भेटी आणोत. एका वचनाचा एकच मालक असतो हे जस्टिनने गृहीत धरलं, आणि त्या भरात शलमोनाला त्याच्याच राज्याभिषेकाच्या स्तोत्रातून बाहेर काढलं.