स्पॅनिश क्रियापदाचा आघात कुठून आला?

स्पॅनिशमध्ये 'कांतो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी गातो', शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो गायला'. मराठीत नुसत्या आघाताने काळ आणि कर्ता असे बदलत नाहीत, त्यामुळे आपला कान याला सरावलेला नसतो.

मूळ लॅटिन नियम मात्र लघुगुरूचाच. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. म्हणून 'कांताबाम'मध्ये (मी गात असे) जोर 'ता'वर, पण 'कांताबामुस'मध्ये (आम्ही गात असू) तो 'बा'वर सरके. इटालियनने हे सरकणं जपलं. 'कांतावामो'त जोर आजही 'वा'वर आहे. स्पॅनिशने सरळ नियम मोडला. एकवचनी रूपांच्या ओढीने 'कान्-ता-बा-मोस'मध्येही आघात 'ता'वरच राहिला आणि सहाही रूपं एका रांगेत आली. ही ओढ अजून संपलेली नाही. 'आयामोस'मध्ये ('आबेर' या सहायक क्रियापदाचं 'आम्ही'चं रूप) प्रमाण आघात 'या'वर. बोलीत काही ठिकाणी तो पहिल्या 'आ'वर नेतात. व्याकरणवाले नाकं मुरडतात, पण तर्क तोच आहे.

वर्तमानकाळात अशी रांग लागली नाही. आघाताखालचा ऱ्हस्व 'ओ' फुटून 'उए' झाला, आघात नसला तिथे 'ओ' टिकला: 'पुएदो' (मी शकतो), पण 'पोदेमोस' (आम्ही शकतो). याला अनियमित म्हणणं अन्यायच आहे. भविष्यकाळ तर जोडकामातून आला: 'कांतार' या मूळ रूपाला 'ए' (माझ्याकडे आहे) चिकटून 'कांतारे' झालं, आणि जोर त्या शेपटावर बसला. जुन्या कास्तिलियनमध्ये (म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये) या दोहोंमध्ये सर्वनामही घालता येई: 'कांतार लो ए'.

लिखाणातली आघातखूण ही पुढची कथा. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने १९५२च्या नव्या नियमांत 'फुए', 'दिओ', 'विओ' या एकाक्षरी रूपांवरची खूण काढली. १९५९पासून ते बंधनकारक झालं. खरा वाद 'रिओ'चा (तो हसला). मेक्सिकोत हे एक अक्षर म्हणतात, स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात बरेच जण 'रि-ओ' अशी दोन. १९९९मध्ये अकादमीने खूण ऐच्छिक ठेवली, २०१०मध्ये ती काढूनच टाकली. लिहिताना अक्षर एकच मोजायचं. उच्चार दोन अक्षरांत करायला मात्र कोणाचीच हरकत नाही.