खानदेशचा काळा दगड आणि तांबे-चांदीचा प्रश्न: पार्श्वभूमी

विहीर खोदताना किंवा खडीसाठी दगड फोडताना काही चमकले की चांदीची खाण लागल्याची चर्चा गावात सुरू होते. बहुतेक वेळा ती गारगोटीच असते: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, नाहीतर साधा कॅल्साइट. जळगाव जिल्ह्यातल्या अशा गारगोट्या संग्राहकांच्या कपाटांत दूरवर पोचल्या आहेत, पण त्यातून धातू निघत नाही. तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच जातीच्या खडकात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसॉल्टमध्ये, अमेरिकेत एका जागी शुद्ध तांबे आणि त्याच्यासोबत चांदी निघाली आहे.

ती जागा म्हणजे मिशिगन राज्यात, लेक सुपिरिअरच्या दक्षिण काठावरचा किविनॉ द्वीपकल्प. तिथला लाव्हा सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर, थरांच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या, पोकळ्यांत खनिजे. सातपुड्याची किंवा सह्याद्रीची कापलेली दरड पाहिलेल्याला हे ओळखीचेच. तिथे मात्र या पोकळ्यांत आणि दोन थरांमधल्या पिंडाश्मात (गोटे चिकटून झालेल्या खडकात) धातुरूप तांबे भरलेले होते, काही तुकड्यांत चांदी त्याला जोडूनच. मूळ रहिवासी हजारो वर्षे ते ठोकून वापरत. मोठ्या खाणी 1845 च्या सुमारास सुरू झाल्या, 1968 मध्ये संपल्या, आणि तेवढ्यात जवळपास 50 लाख टन तांबे बाहेर आले.

खानदेशातही तांबे जुनेच. तापीकाठी प्रकाशे येथे 1954-55 मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. पण दख्खनच्या त्या लोकांचे तांबे कुठले, असे विचारले की बोट सहसा राजस्थानच्या अरवलीकडे जाते, सातपुड्याकडे नाही.

किविनॉचे तांबे आले कुठून, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद होता. एका पक्षाचे म्हणणे, खाली थंड होणाऱ्या मॅग्मातून (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून) सुटलेल्या गरम द्रवांनी ते आणले. दुसऱ्याचे म्हणणे, तांबे बेसॉल्टमध्येच विखुरलेले होते. खोल गाडल्या गेलेल्या थरांतले पाणी तापले, त्याने ते खरवडून घेतले आणि वर आणून टाकले. आज पारडे दुसऱ्या बाजूला झुकलेले आहे, आणि मला तेच पटते. खनिजांच्या कालमापनावरून तांबे लाव्हानंतर तीन-चार कोटी वर्षांनी बसले असे दिसते. इतक्या उशिरापर्यंत वरच्या भागातला मॅग्मा गरम राहिला असेल, हे मानणे अवघड जाते. त्या द्रवांत गंधक कमी होते, म्हणून तांब्याचे सल्फाइड (गंधकाशी झालेले संयुग) न होता ते धातुरूपातच उतरले. शिवाय त्याच काळात पूर्वेकडे खंडांची टक्कर झाली. भूकवच ताणाने फाटून जिथून लाव्हा वर आला होता तो पट्टा उलटा दाबला गेला, जुने भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या भेगा) पुन्हा सरकले आणि द्रवांना वर यायला वाट मिळाली.

आता हा हिशेब आपल्याकडे लावून पाहू. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबे आहेच: टनामागे साधारण 100 ते 200 ग्रॅम. चांदी टनामागे एक ग्रॅमसुद्धा नाही. वेळही कमी पडलेला नाही, कारण आपला लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. कमी पडली ती खोली. किविनॉचा लाव्हा कित्येक किलोमीटर जाड होता आणि वर गाळाच्या खडकांचे ओझे होते. आपला थर सह्याद्रीकडे दोन-एक किलोमीटर, आणि त्यावर पुढे काही मोठे साचलेच नाही. गारगोट्याच याची साक्ष देतात. तिथे तांब्याबरोबर एपिडोट आणि पंपेलाइट ही जास्त उष्णतेची खनिजे मिळतात. आपल्याकडे मुख्यतः झिओलाइट (स्टिल्बाइट त्यातलाच), म्हणजे बेताच्या तापमानाचे. मुंबईत मालाडच्या खाणींतून प्रेहनाइट, जरा जास्त उष्णतेचे खनिज, निघाले आहे, पण खानदेशात राज्य झिओलाइटचेच.

राहिला वाटेचा मुद्दा. धुळे-नंदुरबार भागात भिंतीसारख्या उभ्या डाइकची, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या मॅग्माच्या पट्ट्यांची, रांगच आहे. त्या तापीच्या खोल भ्रंशांवर बसल्या आहेत आणि म्हणून त्यांच्या कडेने धातू असणार, असा तर्क केला जातो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 14,500 चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा 210 डाइक नोंदल्या गेल्या. सर्वांत लांब 79 किलोमीटर, जाडी 3 ते 62 मीटर, दिशा जवळजवळ पूर्व-पश्चिम. निष्कर्ष असा की त्या आधीच्या भ्रंशांत किंवा भेगांत शिरलेल्या नाहीत. उत्तर-दक्षिण ताणामुळे मॅग्माने स्वतःच वाट फोडली. म्हणजे डाइक दिसली की खाली भ्रंश आहेच, हे गृहीत धरता येत नाही. तापी खोऱ्यात भ्रंश आहेत, चोपड्याकडच्या उनपदेवला गरम पाणीही वर येते. पण गरम पाणी आणि धातू वाहणारे पाणी यांत फार अंतर आहे.

सायबेरियातल्या नोरिल्स्कचे उदाहरणही दिले जाते. तिथेही ट्रॅपच, म्हणजे आपल्यासारखे लाव्हाचे थरावर थर, आणि निकेल-तांब्याचे प्रचंड साठे. ते बनण्यात वाटेतल्या गाळाच्या खडकांतून, विशेषतः ॲनहायड्राइट या गंधकयुक्त खनिजातून, मॅग्माने उचललेल्या गंधकाचा मोठा वाटा मानला जातो. नर्मदा-तापी पट्ट्यात बेसॉल्टखाली गाळाचे खडक असल्याचा निष्कर्ष भूभौतिक सर्वेक्षणांतून निघाला आहे. नोरिल्स्कची तुलना टिकायची तर त्या गाळात गंधक भरपूर हवे, आणि ते तपासायला बेसॉल्टच्या तळापलीकडे बोअर न्यावा लागेल. विहिरीतल्या गारगोटीवरून ते ठरत नाही.