भविष्यवेधी ताटवाट्या

हवामानबदलामुळे उद्याचे अन्न कसे असेल, हे कल्पून घडवलेली ताटे, वाट्या, पेले, चमचे. ही भांडी विकायला काढत नाहीत. ती पाहून लोकांनी आजच्या जेवणाबद्दल वाद घालावा, एवढीच अपेक्षा असते. या पद्धतीचे मूळ लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डिझायनर अँथनी डन आणि फिओना रॅबी यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या चिकित्सक डिझाइनमध्ये, म्हणजे विकण्याऐवजी प्रश्न उभे करण्यासाठी वस्तू घडवण्यात, आहे. अन्न अपुरे पडलेल्या जगात झाडपाला पचवण्यासाठी माणसे अंगावर वागवतील अशी उपकरणे त्यांनी २००९ मध्ये कल्पिली होती.

मराठवाड्यात ताट बदलल्याची आठवण जुनी आहे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी आली, दुष्काळी कामावर सुकडी हा पिठाचा गोड कोरडा खाऊ मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदळातील प्रथिने, लोह व जस्त घटते. ज्वारीत ही घट फारशी आढळत नाही. शिवाय रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते. त्यामुळे इथल्या भविष्यवेधी ताटात किडे किंवा शेवाळ असे उद्याचे म्हणून सांगितले जाणारे अन्न वाढण्याआधी भाकरीचा विचार व्हायला हवा. ती नुसते अन्न नाही, भांडेही आहे: रानात भाकरीवरच पिठलं-ठेचा घेऊन जेवतात आणि मागे घासायला काही उरत नाही. हैदराबादचे नारायण पीसपाटी यांनी ज्वारी, तांदूळ व गव्हाच्या पिठाचे चमचे बनवले, तेही खाऊन टाकता येतात.

पाश्चात्त्य नमुन्यांत ‘काय खाणार’ यावर भर दिसतो. इथला खरा पेच भांडी धुण्याचा आहे. टंचाईत लग्नकार्यात, खानावळींत स्टीलची ताटे बाजूला पडतात आणि वापरून फेकायच्या पत्रावळ्या येतात. पाणी वाचते, कचरा वाढतो. पळसाच्या पानांची पत्रावळ होती तोवर हा हिशेब वेगळा होता. राखेने कोरडे घासता येईल असे बिनकोपऱ्याचे ताट, किंवा प्रत्येक घासामागे किती पाणी खर्ची पडले ते आतल्या रेषांनी दाखवणारी वाटी, असे प्रयोग येथे शोभतील. साखरेच्या वाटीवरची रेष मात्र काठाबाहेर जाईल: महाराष्ट्रात एका किलो साखरेमागे सुमारे २,००० लिटर पाणी लागते.

अशा वस्तू कलादालनात काचेमागेच राहतात आणि पाण्याची चणचण न सोसलेले लोक त्या घडवतात, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. टँकरवर हंडा भरणारी आणि घरची भांडी घासणारी बाई बहुधा एकच असते. ती पहिल्या आराखड्यापासून सोबत असेल, तर आक्षेपाची धार कमी होते.