निखळलेला दात : तातडीचे उपाय व पुनरारोपण

पडल्यामुळे, खेळताना किंवा अपघातात तोंडावर मार बसून दात मुळासकट जबड्याच्या खोबणीतून बाहेर येणे, याला दात समूळ निखळणे म्हणतात. दाताचा टवका उडणे किंवा दात हलू लागणे यांपेक्षा ही दुखापत वेगळी आणि अधिक गंभीर आहे. कायमचा दात असा निखळला, तर पुष्कळदा तो त्याच जागी परत बसवता येतो. मात्र तो किती टिकणार हे बहुतांशी दंतवैद्याकडे पोहोचण्याआधीच, पहिल्या काही मिनिटांत ठरून जाते. म्हणूनच ही माहिती दंतवैद्यांपेक्षा आईवडील, शिक्षक आणि खेळाचे प्रशिक्षक यांच्याकडे असणे अधिक महत्त्वाचे आहे.

ही दुखापत सर्वाधिक होते ती वरच्या जबड्यातील मधल्या दोन पटाशीच्या दातांना, आणि विशेषतः ७ ते १० वर्षांच्या मुलांमध्ये. त्या वयात हे दात नुकतेच आलेले असतात, त्यांची मुळे पूर्ण वाढलेली नसतात आणि भोवतीचे हाड लवचीक असते. त्यामुळे जोराचा फटका बसला की दात मोडण्याऐवजी सबंध सुटून येतो.

हातात आलेला दात पाहून माणसे घाबरतात, कारण तोंडात दिसतो त्याच्या दुपटीहून तो लांब असतो. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची लांबी सुमारे २३ मिमी. असते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मुळाचा असतो. ‘दाताबरोबर हाडही आले’ असे वाटते, ते हे मूळच. नीट पाहिले तर पांढऱ्या माथ्याखाली पिवळसर मूळ आणि त्यावर ओलसर, लालसर पापुद्रा दिसतो. तो घाण वाटतो आणि रुमालाने खसाखसा पुसून काढावासा वाटतो. तसे अजिबात करू नये, कारण दाताचे पुढचे आयुष्य त्या पापुद्र्यावरच अवलंबून असते.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिमी. जाडीचा तंतूंचा थर असतो, त्याला परिदंत बंध म्हणतात. दात निखळतो तेव्हा हे तंतू तुटतात. त्यांचा काही भाग खोबणीत राहतो, काही मुळाला चिकटून येतो. मुळावरच्या पेशी जिवंत असतील तर दात परत बसवल्यावर तंतू पुन्हा जुळतात. पण उघड्या हवेत त्या फार लवकर सुकतात. सुमारे अर्ध्या तासात बहुतेक मरतात आणि दात तासभर कोरडा राहिला तर एकही उरत नाही असे धरले जाते. डेन्मार्कचे दंतशल्यचिकित्सक येन्स ओव्ह आन्द्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांच्या मुळांची झीज झालेली आढळली नाही; दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी जवळजवळ सगळ्यांची मुळे झिजली होती.

जखमी व्यक्ती बेशुद्ध पडली असेल, तिला उलट्या होत असतील किंवा ती असंबद्ध बोलत असेल, तर दाताचा विचार नंतर. आधी रुग्णालय गाठावे. तसे काही नसेल तर लगेच दात शोधावा. तो पांढऱ्या माथ्याकडून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने, सलाइनने किंवा जखमी व्यक्तीच्याच लाळेने हलकेच धुवावा. यांपैकी काही नसेल तर गार पाण्याच्या धारेखाली फार तर दहा सेकंद धरावा. साबण, जंतुनाशक, ब्रश यांपैकी काहीही वापरू नये. त्यानंतर सर्वांत चांगला उपाय म्हणजे तिथेच तो खोबणीत बसवणे. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण हे शक्य आहे. शेजारच्या दाताकडे पाहून पुढची बाजू ओळखावी, बोटाने अलगद दाबून कडा शेजाऱ्याच्या पातळीत आणावी आणि स्वच्छ रुमाल किंवा कापसाची घडी दातांत धरायला सांगावे. दात थोडा तिरका किंवा उलटा बसला तरी घाबरू नये. दंतवैद्य तो ४८ तासांपर्यंत सरळ करू शकतात.

बसवणे जमत नसेल तर दात गार दुधात बुडवून न्यावा. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवांच्या जवळपास असते, त्यामुळे पेशी त्यात काही तास तग धरतात. दूध नसेल तर कपात थुंकायला लावून त्या लाळेत किंवा सलाइनमध्ये दात ठेवावा. साध्या पाण्यात क्षार नगण्य असतात. ते पेशींत शिरते आणि त्या फुगून फुटतात. तरीही कागदात किंवा रुमालात गुंडाळून कोरडा नेण्यापेक्षा पाणी बरे.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये. त्याच्या मुळाशी कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो, त्याला इजा होऊ शकते. आणि दात सापडलाच नाही, तर तो हरवला असे गृहीत धरू नये. तो ओठात रुतलेला, हिरडीत आत ढकलला गेलेला किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो.

दंतवैद्य बसवलेला दात शेजारच्या दातांना बारीक, लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. प्रतिजैविके दिली जातात, गरजेनुसार धनुर्वाताचे इंजेक्शनही. मुळाची वाढ पूर्ण झालेली असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल करावे लागते, कारण तुटलेला रक्तपुरवठा परत येत नाही. मुळाचे टोक अजून उघडे असलेल्या लहान मुलांत रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरण्याची शक्यता असते, म्हणून तिथे घाई न करता लक्ष ठेवतात. दोन आठवडे मऊ अन्न घ्यावे आणि ब्रशही मऊ वापरावा.

पेशी मेल्यावर बसवलेला दात हाडाला थेट चिकटतो आणि हाड हळूहळू मुळाची जागा घेते. असा दात ठोकून पाहिला की धातूसारखा टणक आवाज येतो. वाढत्या वयात शेजारचे दात जबड्याबरोबर खाली सरकतात आणि हा मागे राहतो, आखूड दिसू लागतो. तरीही उशीर झाला म्हणून दात फेकून देऊ नये. तो काही वर्षे टिकला तरी तेवढा काळ जबड्याचे हाड आणि मुलाचे हसू दोन्ही शाबूत राहतात. त्याची तपासणी पहिल्या वर्षात अनेकदा आणि नंतर किमान पाच वर्षे दरवर्षी करून घ्यावी लागते.