एसीचा गॅस ‘संपतो’ कुठे?

मार्च उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो : “एसी सर्व्हिसिंगसाठी कोणी भरवशाचा माणूस आहे का?” खाली तीन-चार नंबर पडतात. दोन दिवसांनी तिथेच रडगाणं : सहाशेची सर्व्हिसिंग म्हणून बोलावलं आणि साडेतीन हजार देऊन बसलो, गॅस कमी झाला होता म्हणे. त्यावर कोणीतरी जाणता दिलासा देतो, “अहो, दोन वर्षं झाली ना, संपणारच.”

संपत नाही. आपल्याकडे गॅस म्हटलं की डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला सिलिंडर येतो, सगळा घोळ तिथेच आहे. सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला जळत नाही, झिजत नाही, शिळाही होत नाही; बंद नळ्यांमध्ये नुसता फिरत राहतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत आर-३२ हा गॅस साधारण पाऊण ते एक किलो असतो. यंत्र पूर्ण जोरात चालू असेल तर सेकंदाला वीसएक ग्रॅम या हिशेबाने तो सगळाच्या सगळा मिनिटभराच्या आत एक फेरी मारून परत येतो. आणि फ्रिज? तोही याच तत्त्वावर चालतो. त्यात दर दोन वर्षांनी गॅस भरलाय का कोणी? फ्रिजच्या नळ्यांचे सांधे कारखान्यातच पक्के होऊन येतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र तुमच्या घरी, खिडकीबाहेर अर्धं अंग काढलेला माणूस पान्याने आवळतो. गळती होते ती बऱ्याचदा तिथे.

पण गॅस खरंच कमी झालाय हे ठरवायचं कसं? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण एसीतली सगळ्यात सुंदर गोष्ट ही आहे.

गॅस म्हणतो तो निम्म्या वाटेवर द्रव असतो. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या नळीत, हा द्रव उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून घेतो. थंडावा तो हाच. दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, हे शाळेतलं. आर-३२ साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या तबकडीवर, १४५ पीएसआय (दाबाचं एकक, टायरच्या हवेला वापरतात तेच) दाब असेल तर १० अंशांना, आणि १०३ असेल तर बरोबर शून्याला. मेकॅनिकच्या निळ्या गेजवर दाबाच्या आकड्यांच्या आत आणखी एक वर्तुळ छापलेलं असतं, तापमानाचं. ते हेच गणित.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला पंप, कॉइलमधली वाफ सतत ओढत असतो आणि उकळणारा द्रव नवी वाफ तयार करत असतो. दोन्हींचा मेळ जिथे बसतो, तिथे दाब स्थिरावतो. गॅस गळून कमी झाला तर वाफ कमी तयार होते, पण ओढणं चालूच, दाब उतरतो. १०३ च्या खाली गेला की कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतला ओलावा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. कमी गॅसचा एसी थंडावा देत नाही पण बर्फ जमवतो, त्याचं कारण हे.

पण फिल्टर धुळीने बुजला असेल तरी अगदी हेच होतं! हवा कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून उकळणं कमी, म्हणून वाफ कमी, म्हणून दाब कमी. काटा तिथेच येतो. म्हणजे सर्व्हिसिंगच्या आधी गेज लावून “बघा साहेब, गॅस कमी आहे” म्हणणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. तो तुमच्या धुळीचा दाब वाचतोय. दोन्हींतला फरक कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीवर कळतो. गॅस कमी असेल तर द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो, पुढच्या नळीत वाफ नुसती तापत जाते. फिल्टर बुजला असेल तर उलट, कॉइल सगळीकडे गोठते आणि परतीची नळीही गार राहते. परतीच्या वाफेचं तापमान वजा त्या दाबाचा उत्कलनबिंदू, याला सुपरहीट म्हणतात. ते मोजायला नळीवर चिकटवायचा एक थर्मामीटर पुरतो. तो पिशवीतून काढणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

इन्व्हर्टर एसीत गोष्ट आणखी बिनसते. तिथे कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो आणि त्याबरोबर दाबही. त्यामुळे वेग माहीत नसताना नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. बंद एसीला गेज लावणं तर त्याहून निरर्थक. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी ३० अंशांच्या दुपारी काटा २६५ च्या आसपासच दाखवणार, गॅस पूर्ण असो वा अर्धा.

खरीच गळती असेल तर भोक कुठे आहे? आधी सांध्यांवर तेलाचा डाग शोधायचा, मग साबणाचा फेस लावायचा. तिथे सापडलं नाही तर कॉइल. फर्निचरच्या प्लायवुडमधून, डिंकांतून, काही सफाईच्या द्रावणांतून फॉर्मिक आणि अॅसेटिक अॅसिडची वाफ अगदी किंचित येत असते. कॉइलवरच्या ओलाव्यात ती विरघळते आणि तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखे वेडेवाकडे बोगदे कोरत जाते. वरून दिसतो एखादा काळपट ठिपका. खाडीजवळ किंवा उघड्या नाल्याशेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला शिवाय हायड्रोजन सल्फाइड येतो. तो तांबं काळं करतो आणि कंट्रोल बोर्डही सोडत नाही. कोकण-गोव्यात बाहेरच्या युनिटला खारं वारं खातं, ते वेगळंच.

दुरुस्तीचा योग्य क्रम असा : नायट्रोजनने दाब देऊन भोक शोधणं, ते बुजवणं, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा काढणं, आणि मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांएवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरणं. याला दोन-तीन तास जातात. पंधरा मिनिटांत ‘टॉप-अप’ झाला असेल, तर तुम्ही गॅस विकत घेऊन हवेत सोडायची सोय केलीत. आर-३२ चा एक किलो वातावरण तापवण्यात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. शिवाय तो पेटू शकतो, फार सहज नाही, पण पेटतो.

पुण्या-मुंबईत साध्या सर्व्हिसिंगचे ५०० ते ८०० रुपये धरून चला, वर्षातून दोनदा. पहिली उन्हाळ्याआधी, दुसरी पावसाळ्यानंतर. फिल्टर धुण्याचे पैसे कोणाला देऊ नका, तो नळाखाली धुऊन सावलीत वाळवला की झालं; उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी बाहेर काढतो. त्यात धूळ मिसळून शेवाळासारखा चिकटा होतो आणि पाणी हॉलमध्ये टपकू लागतं. हे काम ड्रेन पाइप साफ करण्याचं आहे, गॅसचं नव्हे. गॅस खरोखर भरायचा तर अडीच ते चार हजार. इन्व्हर्टरचा कंट्रोल बोर्ड पाच हजारांच्या पुढे. कॉम्प्रेसरवर बऱ्याचदा दहा वर्षांची वॉरंटी असते, पण तो बदलताना लागणारा गॅस आणि मजुरी बहुतेकदा तीत धरलेली नसते. बारीक अक्षरं घेण्याआधी वाचावीत.

‘नॅनो कोटिंग’, ‘अँटिबॅक्टेरिअल फोम’ वगैरे जादा पाचशेंना माझा नकार असतो. फोम धूळ काढतो, ठीक. पुढल्या महिन्यात धूळ पुन्हा येते, नॅनोला न विचारता. कॉम्प्रेसर बदलल्यावर आउटडोअरला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. ती निदान दहा रुपयांत होते.

आर-२२ वर चालणारा जुना एसी असेल तर मात्र वेगळा विचार करा. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रिअल करारानुसार हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होतोय, २०३० नंतर विकसनशील देशांत तो जुनी यंत्रं दुरुस्त करण्यापुरताच, तोही अगदी थोडा मिळेल. अशा यंत्राची कॉइल गळत असेल तर तिच्यावर सात-आठ हजार घालण्यात राम नाही. नव्या एसीच्या बाबतीत एवढंच करा : गॅस भरलाच तर किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे होती, हे बिलावर लिहून घ्या. मेकॅनिक लिहायला तयार नसेल, तर त्याने वजनकाटा आणलेलाच नाही.