याच पोराला हे इन्फेक्शन का झालं?

लहान पोराच्या लिव्हरमध्ये पू झाला, सोनोग्राफीत दिसला, सुई घालून काढला, रिपोर्टला स्टॅफिलोकोकस नावाचा बॅक्टेरिया आला, अँटिबायोटिक दिलं आणि पोरगं बरं होऊन घरी गेलं. इथपर्यंत सगळं ठीक. पण तेच पोरगं काही महिन्यांनी मानेला गाठ घेऊन परत आलं आणि पुढच्या खेपेला फुफ्फुसात बुरशी निघाली, तर मग नुसतं कुठलं औषध लागू पडेल एवढं बघून भागत नाही. घरातली बाकीची पोरं तीच हवा घेतात, तेच पाणी पितात, त्यांना काही नाही मग यालाच का, हे कुणीतरी विचारायलाच पाहिजे. इम्युनिटीबद्दल आज जे माहितीय त्यातलं बरंचसं असल्या प्रश्नातनंच कळलंय असं मला वाटतं.

मी वर सांगितलं ते चित्र क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजचं, डॉक्टर सीजीडी म्हणतात. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी अशा मुलांबद्दल लिहिलं तेव्हा आजाराच्या नावातच 'जीवघेणा' हा शब्द होता. कोडं असं की या मुलांच्या रक्तात अँटिबॉडी कमी नव्हत्या, उलट जास्तच होत्या, पांढऱ्या पेशीपण भरपूर, तरी पू काही थांबत नव्हता. मग १९६७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी या मुलांच्या पांढऱ्या पेशी ट्यूबमध्ये घेऊन त्यात बॅक्टेरिया सोडले आणि बघत बसले. पेशी बॅक्टेरियाला व्यवस्थित गिळत होत्या, पण गिळलेला बॅक्टेरिया आत जिवंतच राहत होता!

आपल्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, जंतू गिळला की एकदम ऑक्सिजन ओढून घेतात आणि त्यापासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली जहाल रसायनं तयार करतात. हे काम करणारं एन्झाइम चार-पाच भाग एकत्र जोडून बनतं, त्यातल्या एका भागाचा जीन बिघडला तरी सगळं बंद. यातला मुख्य जीन १९८६ मध्ये बॉस्टनमध्ये सापडला, तो एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्यांकडे एक्स एकच असतो, म्हणून जास्त करून मुलग्यांनाच हा आजार दिसतो.

याची जुनी टेस्ट, एनबीटी, खूप बघण्यासारखी आहे. फिकट पिवळा रंग रक्तात मिसळून थोडा वेळ उबेत ठेवायचा आणि स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरायची. पेशीत ती जहाल रसायनं तयार झाली की हा रंग निळा होतो, म्हणून चांगल्या माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये गडद निळे-काळे कण भरलेले दिसतात. सीजीडीच्या मुलाच्या स्लाइडवर पेशी आहेत, त्यांचं केंद्रक दिसतंय, पण निळा ठिपका कुठंच नाही. आणि त्याच्या आईची स्लाइड लावली तर काही पेशी निळ्या, काही कोऱ्या, शेजारी शेजारी. कारण आईकडे दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू असतो.

हे आईला सांगताना फार जपून सांगावं लागतं. आपल्याकडं पोरं जगत नाहीत म्हटलं की बोल तिलाच लागतो, पण जीन कुणी निवडून देत नाही, यात तिचा काडीचा दोष नाही. सीजीडीच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बिघडलेला जीन एक्सवर नसतो तेव्हा, तर आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते, तो मुलींनाही तितकाच होतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आपल्या भागात आहे तिथं अशा जोड्या जुळायची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांनी 'आईच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का, नात्यात लग्न झालंय का' असं विचारलं तर राग मानू नका, सरळ सांगा.

आता टेस्ट डीएचआर नावाची करतात, एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर मशीनवर. त्यासाठी पेशी जिवंत लागतात, रक्त शिळं झालं की रिझल्टचा भरवसा नाही. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि इम्युनिटीच्या अभ्यासाची, राष्ट्रीय संस्था आहे, तिथं या आजारांवर बरंच काम चालतं. कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी पकडली की सकाळी दादर, त्यामुळं पेशंटलाच घेऊन जाणं जमण्यासारखं आहे.

आपल्या शेतकरी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुजणाऱ्या पाल्यात ॲस्परजिलस बुरशी जोरात वाढते. उसाचं पाचट कुजवणं, शेणखत विस्कटणं, उकिरडा उपसणं, भिजलेली वैरण झाडणं, यात तिचे बीजाणू ढगासारखे उडतात. तुमच्या-माझ्या फुफ्फुसाला सहसा काही होत नाही, पण सीजीडीच्या पोराला थोड्याच दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळं रानात पाचट हलवायचं काम चालू असताना त्याला तिथं नेऊच नका.

जन्मल्यावर टीबीसाठी देतात त्या बीसीजीच्या लसीचंही तसंच, तिच्यात कमजोर केलेला पण जिवंत जंतू असतो आणि तो अशा पोराच्या अंगात वाढू शकतो. काखेत छोटी गाठ बऱ्याच बाळांना येते आणि जाते, ती वेगळी. पण गाठ वाढत गेली, फुटून वाहत राहिली, दुसरीकडंही गाठी आल्या तर कारण शोधायलाच पाहिजे. १९९६ मध्ये असल्याच मुलांमध्ये इंटरफेरॉन गॅमाच्या (पेशींना जंतू मारायचा निरोप देणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरचा, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या भागाचा, बिघाड सापडला, तो सीजीडीपेक्षा वेगळा आजार.

सीजीडीचं निदान झालं की रोज बॅक्टेरियासाठी कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल चालू करतात, दोन्ही औषधं साध्या मेडिकलमध्ये मिळतात आणि यांच्यामुळं मुलं मोठी होऊन कामधंद्याला लागतात. कायमचा इलाज म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, त्याचा खर्च मोठा, पण केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीजीडी आहे, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि केईएम त्यातलं एक केंद्र आहे. आणि घरात एका मुलाला सीजीडी निघाला असेल तर पुढच्या बाळाच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे बाळाचा रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी थांबवता येते.