रिपोर्ट निगेटिव्ह, गोळ्या चालू

"रिपोर्ट निगेटिव्ह हाय न्हवं? मग वरीसभर गोळ्या कशापायी?"

आप्पांनी हा प्रश्न मिरजेतल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारला. आप्पा म्हणजे माझे मावसभाऊ, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांची १९ वर्षांची मुलगी आत खाटेवर होती. पंधरा दिवस डोकं दुखत होतं, संध्याकाळी बारीक ताप, मग उलट्या, आणि शेवटी असंबद्ध बोलणं सुरू झालं. त्यानंतर गावात व्हायचं ते झालंच. तिकटीवर लिंबू-नारळ ठेवून झाला, एका जाणत्यानं 'बाहेरचं हाय' म्हणून दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांवर माझा विशेष राग आहे. कारण पुढं येईल.

१८९४ साली वानलेस डॉक्टरांचा मिशन दवाखाना उभा राहिला तेव्हापासून मिरजेला लोक येतात ते पक्कं उत्तर मिळेल म्हणून. इथं डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या आवरणाचा टीबी वाटतोय. चाचणीत सापडला नाही. तरी आजच औषध सुरू करूया." आप्पांना यात लबाडी दिसली. खरं सांगायचं तर दोन मिनिटं मलाही दिसली. मी शाळेत गणित शिकवलं, म्हणून रात्री हिशेब मांडून बसलो.

आधी चाचणीसाठी तिच्या पाठीतून काढलेल्या पाण्याबद्दल. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं, ते कमरेत सुई घालून काढतात. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो' ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे, आणि तिच्यापायी नातेवाईक सहीच करत नाहीत. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली जाते. हे पाणी शरीरात एकूण १५० मिलीलिटरच्या आसपास असतं, पण दिवसाला साधारण ५०० मिलीलिटर नवं तयार होतं. म्हणजे तपासणीला काढलेलं दहा मिलीलिटर अर्ध्या तासात भरून येतं.

त्या पाण्यात पेशी वाढलेल्या होत्या, त्याही लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या. प्रथिनं जास्त, साखर कमी. हे चित्र टीबीचं असतं, पण फक्त टीबीचंच नसतं. बुरशीच्या संसर्गात आणि काही कॅन्सरमध्येही असं दिसतं. अर्धवट औषध झालेला पू-जंतूंचा मेंदूज्वरही कधीकधी असाच भासतो. जंतू सापडला की प्रश्न मिटतो, आणि नेमकं तेच होत नाही. टीबीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला नमुन्याच्या एका मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत ते भरपूर असतात. मेंदूच्या पाण्यात मूठभर. सीबीनॅट या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला शंभर-सव्वाशे पुरतात, तिच्या नव्या आवृत्तीला त्याहूनही कमी, तरी कितीतरी रुग्ण निसटतात. कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, सहा आठवडे. तोवर मुलगी थांबणार नाही.

आता हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरलेत. अशाच लक्षणांच्या, अशाच पाण्याच्या १०० मुली आल्या, आणि अनुभवावरून डॉक्टर म्हणतात की त्यांतल्या ४० जणींना खरोखर टीबी आहे. चाचणी शंभर टीबीवाल्यांतले ६० पकडते आणि टीबी नसलेल्याला चुकूनही पॉझिटिव्ह म्हणत नाही, असं समजू. मग ४० पैकी २४ पकडल्या गेल्या, १६ सुटल्या. टीबी नसलेल्या ६० निगेटिव्हच. एकूण निगेटिव्ह रिपोर्ट ७६, आणि त्यांत १६ जणींना टीबी आहे. म्हणजे हातात निगेटिव्ह कागद घेऊन उभ्या असलेल्या मुलीला टीबी असण्याची शक्यता २१ टक्के. शून्य नाही. ४० वरून २१ वर आली, एवढंच. सूक्ष्मदर्शकाची स्लाईड शंभरात १५ पकडते असं धरलं, तर ती ४० वरून फक्त ३६ वर येते. त्या कागदाला 'निगेटिव्ह' म्हणावं की 'काहीच कळलं नाही' म्हणावं, असा प्रश्न पडतो.

हा हिशेब थॉमस बेज या इंग्लंडमधल्या पाद्रीचा. तो १७६१ साली वारला, आणि निबंध छापला गेला १७६३ मध्ये. आधी काय वाटत होतं ते विसरून नव्या पुराव्याकडे बघायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आपण रिपोर्ट हातात पडला की आधीचं सगळं विसरतो.

पण २१ टक्क्यांवर वर्षभराची औषधं द्यायची की नाही, हे बेज सांगत नाही. माझा जीव अडकतो तो इथे. अमेरिकेतल्या स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर या डॉक्टरांनी १९७५ आणि १९८० साली यावर दोन लेख लिहिले. त्यांनी 'उंबरठा' काढला. रोग असताना औषध दिलं तर जो फायदा होतो त्याला फ म्हणू, आणि रोग नसताना दिलं तर जो तोटा होतो त्याला त. रोगाची शक्यता 'श' असेल, तर औषधाच्या बाजूला श × फ, विरुद्ध बाजूला (१ − श) × त. दोन्ही पारडी समान झाली तो उंबरठा:

श = त ÷ (त + फ)

मेंदूचा टीबी औषधाविना जवळजवळ नक्की जीव घेतो. उलट टीबी नसताना गोळ्या दिल्या तर लिव्हरला सूज येऊ शकते, क्वचित नजरेवर परिणाम, शिवाय वर्षाचा जाच. फायदा तोट्याच्या नऊपट धरला, तर उंबरठा एक भागिले दहा, म्हणजे १० टक्के. मुलगी २१ वर आहे. औषध सुरू.

हेच २१ टक्के कॅन्सरच्या संशयाला असते, तर कोणी केमो चढवली नसती. तिथं त मोठा आणि तुकडा काढून खात्री करायला सहसा थोडे दिवस असतात, म्हणून उंबरठा उंच. १९८० च्या लेखात आणखी एक उंबरठा आहे, खालचा. शक्यता त्याच्याही खाली असेल तर चाचणीच करू नये, आणि वरच्या उंबरठ्याच्या बरीच वर असेल तरीही करू नये, कारण उत्तर काहीही आलं तरी निर्णय बदलत नाही. 'डॉक्टरांनी साधी टेस्टसुद्धा लिहिली नाही' या तक्रारीमागे कधीकधी हे असतं. (कधीकधी निष्काळजीपणाही असतो, ते मी झाकत नाही.)

यातलं काही डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "आप्पा, फळछाटणीनंतर ढग धरले तर काय करता?"

"फवारा."

"पानावर डावणी दिसली म्हणून?" (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.)

"दिसल्यावर काय उपेग? घड जात्यात. दिसायच्या आदी मारायचं."

"आणि डावणी येणारच नव्हती, नुसतेच ढग होते, असं निघालं तर?"

"तर औषधाचं पैसं ग्येलं." आप्पा थोडं थांबले. ते निर्यातीचा माल करतात, फवारा फुकट नसतो हे त्यांना माहीत आहे. रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, जास्त निघाला की माल परत. "पर बाग ऱ्हाती," ते म्हणाले आणि सही केली.

मी व्हरांड्यात मनातल्या मनात सूत्र मांडत होतो, आणि माणूस दर ऑक्टोबरला तेच सोडवत होता.

दोन दिवसांच्या रागाचं आता सांगतो. या रोगात औषध सुरू होताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल तर बहुतेक जण वाचतात. बेशुद्धीत गेल्यावर सुरू झालं, तर निम्म्याच्या आसपास दगावतात. म्हणजे फ दिवसागणिक आटत जातो. जाणत्यानं तोच खाल्ला. मोबाईलवर फिरणारे 'अमुक संगणक बिनचूक निदान करतो' हे संदेशही मला त्याच जातीचे वाटतात. नमुन्यात जंतूच आला नसेल तर संगणक काय वाचणार?

गोळ्यांबरोबर स्टिरॉइड दिलं. त्याचा पुरावा व्हिएतनाममधला आहे. २००४ साली ५४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या टीबीच्या औषधांवर शंभरातले साधारण ४१ गेले, जोडीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेल्यांत ३२. शंभरामागं नऊ जीव वाचले, म्हणजे एक वाचवायला अकरा जणांना द्यायचं. आपली मुलगी त्या नवांत आहे, की कसंही वाचणाऱ्यांत, की कशानंही न वाचणाऱ्यांत, हे देताना डॉक्टरला कळत नाही आणि नंतरही कळत नाही.

आठवड्यात तिचा ताप उतरला. आप्पा म्हणाले, निदान बरोबर निघालं. डॉक्टरांनी मान हलवली नाही. स्टिरॉइडनं दुसऱ्या काही रोगांतही तात्पुरतं बरं वाटतं, लिम्फोमा या कॅन्सरमध्ये तर बऱ्याचदा. औषध लागू पडणं हाही एक रिपोर्टच, आणि तोही चुकतो. उलट्या बाजूनंही चुकतो. दुसऱ्या महिन्यात डोकेदुखी पुन्हा उफाळली, एमआरआयमध्ये नव्या गाठी दिसल्या. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर तुटून पडतं तेव्हा असं होतं. आप्पा औषध बदला म्हणत होते. डॉक्टरांनी गोळ्या त्याच ठेवल्या, स्टिरॉइड वाढवलं. जंतू औषधाला दाद देत नसते तरी चित्र असंच दिसलं असतं. त्यांनी पुन्हा शक्यता मांडली, पुन्हा उंबरठा बघितला, आणि दर आठवड्याला बोलावलं.

कल्चर सहा आठवड्यांनी आलं. निगेटिव्ह.

आता आठवा महिना आहे. मुलगी कॉलेजला जाते, भांडतेही पूर्वीसारखी. परवा आप्पांनी डॉक्टरांना सरळच विचारलं, "टीबीच हुता का न्हाई?"

"शंभरात पंच्याऐंशी होता म्हणेन."

"आनि ऱ्हायलेलं पंधरा?"

"ते आता कळणार नाही."

सरकारी नोंदीत टीबीच्या रुग्णांचे दोन खाने असतात. एक जंतू सापडलेल्यांचा, दुसरा डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलेल्यांचा. ती दुसऱ्यात आहे. फाईलवर निदानापुढं 'संभाव्य' लिहिलंय, ते आप्पांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.